अहल्याबाई आणि अडलेल्या दहा जागा

बुधवारी सकाळी साडेदहाला गरब्याच्या पासाची रांग फाटकाबाहेर पडली, उसाच्या रसवाल्याला वळसा घालून पार कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत गेली. नवरात्र चार दिवसांवर आलेलं. बडोद्यातल्या वासण्याच्या मैदानावर खेळायचं तर फोटोचा पास गळ्यात हवाच, आणि तो स्वतः येऊन घ्यायचा असा मंडळाचा नियम. पोरी, पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या आया, सगळे उन्हात ताटकळत होते. आणि बरोबर त्या वेळी पाच नंबरच्या खिडकीवरचा स्वयंसेवक ओरडला, "अहल्याबेन, पाछुं बंद थई गयुं! परत आत घेतच नाही मला!"

अहल्याबाई जगताप खुर्चीतून उठल्या त्या जवळजवळ धावतच. वय बासष्ट, उंची जेमतेम पाच फूट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पास-केंद्राच्या मागच्या खोलीतला मोठा कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्यांनी हौसेने मागून घेतलं होतं. बडोद्याच्या दांडिया बाजार पेठेत त्यांच्या घराण्याच्या पाच पिढ्या गेल्या. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, वडील शाळामास्तर, आणि अहल्याबाई स्वतः विसाव्या वर्षी बडोद्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत दोऱ्या. पुढे बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या बायकांनी कपाळावर आठ्या घातल्या, पण ह्यांनी तक्रार विभागातल्या इंजिनीअरच्या मागे लागून काळ्या पडद्यावर कमांड कशा लिहायच्या ते शिकून घेतलं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत राहिले, एवढंच.

पाच नंबरच्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की आता आणखी कोणाला आत घेता येणार नाही.

केंद्राची मांडणी साधी होती. खरा कॉम्प्युटर एकच, मागच्या खोलीत. आठ खिडक्यांवर नुसते पडदे, कीबोर्ड, माउस आणि हाताएवढ्या काळ्या डब्या. डबी चालू करून आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की मोठ्या कॉम्प्युटरमध्ये आपली जागा मिळायची. अशा जागा फक्त दहा. आठ खिडक्यांच्या, एक मंडळाच्या प्रमुख हेमांगिनीबेन यांची आणि एक पास छापणाऱ्या मशीनची. कोणता पास कोणी दिला, हे कळायला हवं म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाचं नाव वेगळं. गोम अशी की स्वयंसेवक उठताना बाहेर पडण्याचं बटण दाबायचे नाहीत. डबी बंद केली आणि निघाले घरी! माणूस घरी, त्याची जागा मात्र आत अडलेली.

हेमांगिनीबेन पदर सावरत आल्या. "शुं थयुं, बेन? बाहेर लोक ओरडायला लागलेत."

"केतनभाईंना विचारते."

केतनभाई म्हणजे ही सगळी मशिनं बसवून देणारा माणूस. तो अहमदाबादला दुसऱ्या मैदानाच्या कामात बुडालेला. फोनवर त्याने नेहमीचंच सांगितलं, "रीस्टार्ट मारो ने!"

रीस्टार्ट मारलं. आठही खिडक्यांवरची अर्धवट भरलेली माहिती गेली, आणि सगळं परत उभं राहायला अकरा मिनिटं लागली. रांगेतल्या पोरींनी कंटाळून तिथेच टाळ्या घेत दोन ताली गरबा सुरू केला. सगळे हसले, पण हेमांगिनीबेनचा चेहरा उतरला तो उतरलाच. दुपारी एकला स्वयंसेवक बदलले आणि तासाभरात पुन्हा तेच. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा अकरा मिनिटं.

तिसऱ्या वेळी मात्र अहल्याबाईंनी रीस्टार्टला हात लावला नाही. काळा पडदा उघडला आणि आत कोण कोण आहे त्याची यादी मागवली. दहा नावं सरळ खाली उतरली. प्रत्येक नावापुढे तो माणूस किती वेळ स्वस्थ, म्हणजे कीबोर्ड-माउसला हात न लावता, आहे तेही लिहिलेलं. त्यातले चार जण केव्हाच घरी गेले होते. त्यांतलं एक नाव मुकुंद दाभाडे यांचं. रिफायनरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, दुसऱ्या रीस्टार्टनंतर जेमतेम पाच पास देऊन भाच्याच्या साखरपुड्याला डभोईला गेलेले.

"हे बघा हेमांगिनीबेन! मुकुंदराव डभोईला श्रीखंड खातायत आणि इथे त्यांची जागा अडलीय!"

अहल्याबाईंनी मुकुंदरावांच्या जागेचा नंबर टाकून एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. नाव गेलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "पाच नंबर चालू!"

त्यांच्या अंगावर शहारा आला. ही यादी त्यांनी वाचायची, नंबर त्यांनी टाकायचा, तर मग हेच काम दर पाच मिनिटांनी मशीननेच का करू नये? यादी काढ, पंधरा मिनिटांहून जास्त स्वस्थ असलेल्याला शोध, त्याला बाहेर काढ. त्यांनी लगेच केतनभाईंना फोन लावला.

केतनभाई हसले. "करा ने, अहल्याबेन. पण पासच्या छपाईला हात नका लावू. ते मशीन दिवसभर गप्प बसतं, पण लागतं. अने बगडे तो मारी जवाबदारी नहीं!"

"माझी!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत त्या लिहीत होत्या. मध्ये खिडक्यांवरच्या हाका, मध्ये चहा, मध्ये यादी बघून हाताने जागा मोकळ्या करणं. इंटरनेटवर शोधायचं, जमेल तेवढं समजून घ्यायचं, वहीत मराठीत मांडायचं, मग टाइप करायचं. सतरा ओळींचं स्क्रिप्ट झालं. त्यातली एक ओळ फक्त छपाईच्या मशीनला वगळण्यासाठी. संध्याकाळी सातला खिडक्या बंद झाल्या तेव्हा विश्वासराव, त्यांचे यजमान, स्कूटर घेऊन न्यायला आले.

"अहो, या आत. तीन नंबरवर बसा, आत शिरा आणि कशालाही हात लावू नका. चाचणीपुरती मी मर्यादा तीन मिनिटांची ठेवलीय."

"तीन मिनिटं गप्प बसायचं? बस्स?"

पण तेवढंही त्यांना जमेना. पहिल्या खेपेला त्यांनी माउस सरळ करून ठेवला. दुसऱ्या खेपेला कीबोर्डवरची धूळ फुंकली आणि पुसली. तिसऱ्या खेपेला अहल्याबाई त्यांचे दोन्ही हात धरूनच उभ्या राहिल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर दोघं असे हातात हात घेऊन उभे आहेत, हे पाहून झाडूवाल्या बाई गालात हसल्या. घड्याळाचा काटा फिरला. पडदा निळा झाला, काळा झाला, आणि त्यावर परत नाव विचारणारी चौकट आली.

"गेलो की काय मी?" विश्वासराव म्हणाले.

"गेलात!" अहल्याबाईंनी टाळी वाजवली. "अहो, गेलात तुम्ही!"

गुरुवारी खिडक्यांवरच्या हाकांतून सवड मिळाली ती सव्वाअकराला; तेव्हा त्यांनी मर्यादा पंधरा मिनिटांवर नेली आणि स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी आपोआप चालेल असं लावून दिलं. साडेअकरापर्यंत एकही खिडकी अडली नाही. हेमांगिनीबेनने स्वतः पेढा आणून तोंडात घातला. अहल्याबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

पावणेबाराला रसिका तीन नंबरवरून तरातरा आत आली. डेंटल कॉलेजची मुलगी, कामाला चोख. तिचे कान रागाने लाल झाले होते.

"मावशी, तुमच्या स्क्रिप्टनं मला बाहेर फेकलं! एका आजोबांना कमी ऐकू येतं. नियम समजावून सांगत होते मी, पंधरा-वीस मिनिटं लागली. घरातल्या सात जणांची नावं भरलेली, फोटो काढलेले. सगळं गेलं. आता त्या आजोबांना परत सगळ्यांना बोलवावं लागणार!"

अहल्याबाईंनी बाहेर जाऊन त्या आजोबांची हात जोडून माफी मागितली. आजोबा म्हणाले, "कंई वांधो नहीं," पण त्यांची सून भडकली होती, आणि तिचं चुकत नव्हतं. इतक्यात सहा नंबरवरून तीच जुनी हाक आली, आत घेत नाही म्हणून!

हे कसं झालं? काम करणारी रसिका बाहेर, आणि घरी गेलेले लोक आत? त्यांनी आधी स्क्रिप्ट बंद केलं आणि मग यादी मागवली. तीन नावं जशीच्या तशी बसलेली. त्यांतले एक अर्थात मुकुंदराव. आज सकाळी दहाला येऊन, चार पास देऊन, डबी बंद करून ते बँकेत गेले होते. नावापुढे आकडा होता १:४०.

अहल्याबाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. बाकीच्यांपुढे नुसते आकडे होते. ४. ९. ११. इथे मात्र मध्ये दोन टिंबं. एक तास चाळीस मिनिटं.

"अगं बाई!" त्या खुर्चीतच उसळल्या. "रसिका! इकडे ये, इकडे ये! सापडलं!"

रसिका रागातच आली, पण आली.

"हे बघ. तासाच्या वर गेलं की मशीन तास आणि मिनिटं वेगळी लिहितं, मध्ये टिंबं देऊन. माझं स्क्रिप्ट टिंबांच्या अलीकडचा आकडा तेवढा वाचतंय. एक! त्याला वाटतंय मुकुंदराव फक्त एक मिनिट स्वस्थ आहेत. स्क्रिप्ट चालू केलं तेव्हाच ह्या तिघांचा तास उलटून गेला होता. जितका माणूस जास्त वेळ गायब, तितका तो सुरक्षित! काल चाचणी घेतली ती तीन मिनिटांची. तासभर कोण बसलं होतं?"

रसिकाच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं, ते तिने दाबलं. "आणि माझं काय? मी तर खरंच वीस मिनिटं हात लावला नव्हता."

ती चूक अहल्याबाईंना जास्त लागली. ट्रंक बोर्डावर चोवीस वर्षांच्या असताना त्यांनी एकदा एका बाईचा कॉल तीन मिनिटं झाली म्हणून न सांगता तोडला होता. बाई आपल्या आजारी वडिलांशी बोलत होती. सुपरवायझर शिंदेबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तोंड दिलंय ना देवानं? आधी सांगायचं, मग तोडायचं." त्यानंतर त्यांनी कधीही न सांगता कॉल तोडला नव्हता. आणि आता मशीनला शिकवताना नेमकं तेवढंच शिकवायचं राहिलं होतं.

"तुला आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "बस. काय लिहायचं ते तूच सांग."

दोघींनी मिळून इशारा तयार केला. बारा मिनिटं झाली की पडद्याच्या मध्यभागी गुजरातीत चौकट यायची: तुम्ही काम करताय ना? माउस हलवा. नाहीतर तीन मिनिटांत बाहेर जाल, आधी माहिती जतन करा. रसिकाने "कृपा करीने" घालायला लावलं. टिंबांच्या अलीकडच्या आकड्याला साठने गुणायचं, पलीकडचा त्यात मिळवायचा, ही ओळ अहल्याबाईंनी लिहिली. स्क्रिप्ट आता दर मिनिटाला चालणार होतं. ह्या खेपेला विश्वासरावांवर विसंबायचं नाही असं ठरवून त्यांनी सात नंबरची डबी बंद करून सव्वा तास तशीच सोडली आणि मग स्क्रिप्ट चालू केलं. एक तास पंधरा मिनिटं दाखवणारं नाव पुढच्याच मिनिटाला यादीतून गेलं. रसिका स्वतः एक नंबरवर हाताची घडी घालून बसली. बाराव्या मिनिटाला चौकट आली, तिने माउस हलवला, आणि ती आतच राहिली.

"हवे चालशे! आता चालेल!" ती ओरडली.

शनिवार हा शेवटचा दिवस. सकाळी सातलाच रांग मेडिकल ओलांडून बस थांब्यापर्यंत गेली. अहल्याबाईंना नाश्ता गेला नाही. आठही खिडक्या उघडल्या, आणि त्या मागच्या खोलीत यादीसमोर बसून राहिल्या. नाव यायचं, आकडा वाढायचा, पंधरावर पोचला की नाव नाहीसं. नवं नाव. एकला स्वयंसेवक बदलले, चौघे तसेच उठून गेले, आणि सव्वा वाजता चौघांच्या जागा मोकळ्या! छपाईचं मशीन आपलं एका बाजूला गप्प, कोणी त्याला हात लावला नाही. अहल्याबाई एकट्याच मोठ्याने "जा, जा, निघा!" म्हणायच्या, आणि बाहेर पाणी वाटणारे लोक डोकावून बघायचे.

दोनच्या सुमारास मुकुंदराव चार नंबरवर बसले होते. म्हणजे खुर्ची मागे वळवून शेजारच्याला डभोईच्या साखरपुड्याचं जेवण सांगत होते. अचानक ते दचकून उभे राहिले.

"अहल्याताई! हे मला विचारतंय काम करताय ना म्हणून!"

"मग? करताय का?"

आठही खिडक्यांवर हशा पिकला. रांगेतलेही हसले. मुकुंदरावांनी कान पकडला आणि माउस हलवला. त्या दिवशी घरी जाताना ते बाहेर पडण्याचं बटण कुठे असतं ते विचारून गेले.

संध्याकाळी सहा चाळीसला शेवटचा पास एका शाळकरी मुलीच्या गळ्यात पडला. मशीन दिवसभरात एकदाही रीस्टार्ट झालं नव्हतं. रांगेतल्या कोणाला ह्यातलं काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. पण हेमांगिनीबेनने अहल्याबाईंना मिठी मारली ती चांगली लांबलचक.

दुसऱ्या दिवशी केतनभाईंचा फोन आला. "अहल्याबेन, पेली फाइल मने मोकलो ने. माझ्याकडे एक डोळ्यांचा दवाखाना आहे, नावनोंदणी आणि डॉक्टरांच्या खोल्या मिळून बारा पडदे. तिथे हीच माथाकूट."

"फाइल नुसती पाठवणार नाही," अहल्याबाई म्हणाल्या. "दवाखान्यात डॉक्टर पेशंट तपासताना अर्धा अर्धा तास कीबोर्डला हात लावत नसतील. पंधरा मिनिटं ठेवलीत तर अनर्थ होईल. आधी तिथे बसून बघायला हवं कोण किती वेळ स्वस्थ असतं ते."

"तो तमे ज आवो. मंगळवारी?"

विश्वासराव वर्तमानपत्रावरून बघत होते. त्यांना विचारायचंही अहल्याबाईंच्या लक्षात आलं नाही. "येते," त्या म्हणाल्या, "सकाळी नऊला," आणि फोन ठेवून नवी वही शोधायला आत गेल्या.