न बोलावता आलेले

ओरियाना कार्कामो आमच्या खाडीतली, माझ्या शेजारची. आई माझ्यासारखीच खडकांवरचं शेवाळ कापणारी आणि पोरगी राजधानीत, सान्तियागोत, मेंदूची शास्त्रज्ञ. बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा मी हे ऐकवते. लाज कसली त्यात?

त्सुनामीच्या मोठ्या लाटेनंतर माणसं कशी सावरतात, हे शोधण्यात तिनं नऊ वर्षं घातली. किनाऱ्यावरच्या सहा गावांत जायचं, बायकांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, लाटेच्या इशाऱ्याचा भोंगा ऐकवायचा आणि घाबरलेला मेंदू किती वेळात शांत होतो ते मोजायचं. मग प्रश्नांचा कागद. आमच्या खाडीतल्या बायकांचे मेंदू सगळ्यांत लवकर शांत झाले. पण 'अडचणीत कोणाकडे मदत मागता?' या प्रश्नाला आम्ही झाडून सगळ्यांनी लिहिलं होतं, कोणाकडेच नाही.

तिचे साहेब म्हणाले, कोणाच्या आधाराशिवाय इतक्या लवकर कोणी शांत होत नाही, या बायका खोटं बोलतात, अभ्यासातून खाडी वगळा. मुकाट्यानं वगळली असती तर तिची नोकरी त्याच वर्षी कायम होणार होती. ती म्हणाली, बायका बरोबर आहेत, प्रश्न चुकलाय. असली हट्टी आहे ती.

रजा टाकून ती माझ्याकडे आली. चुलीपाशी पाव खाताखाता तिनं विचारलं, "मावशी, तू कोणाकडेच मदत मागत नाहीस?"

"मागायची पाळी येऊ देतात का मेली माणसं?"

तिनं जुना प्रश्न खोडला आणि नवा लिहिला. न बोलावता कोण कोण आलं?

लाटेनं माझा नवरा नेला, त्या आठवड्याबद्दल मी सांगत गेले. कोणी चूल मांडून दिली, कोणी कोरडी घोंगडी आणली. गावातला बेनितो तर तीन दिवस नुसता दाराशी बसून होता. बावीस नावं झाली. तेविसावं ऐकून तिचा हात थांबला. म्हणाली, तपासणाऱ्याचं स्वतःचं नाव यात चालत नाही.

"सोळा वर्षांची होतीस. गोड्या पाण्याच्या बादल्या घेऊन टेकडी चढलीस. आता तुला गाळलं तर मी खरंच खोटारडी ठरेन. लिही."

तिनं लिहिलं.

नोकरी कायम व्हायला पुढं दोन वर्षं गेली. पण खाडी वगळली नाही, आणि आज सहाही गावांत तिचाच प्रश्न विचारतात. माझा ऊर भरून येतो तो मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. भर बैठकीत साहेबांनी माझा कागद वर धरून विचारलं होतं, ही तेविसावी ओरियाना कोण?

"मीच," ती म्हणाली. "मलाही कोणी बोलावलं नव्हतं."