जोत्यातला मुरूम

घर बांधायला निघालेली माणसं हल्ली मला विचारायला येतात. मी काही इंजिनिअर नाही, पालमच्या एका शाळेत चौथीला शिकवते. पण माझ्या घराची फरशी उखडून परत बसवावी लागली हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतं. मी हातचं न राखता सांगते. खिडक्या कुठल्या, रंग कोणता हे सगळं नंतर, आधी जोत्यात काय भरणार ते बोला. आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. पायासाठी ती खणून काढायची, खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, आणि निघालेल्या मातीचं एक टोपलंसुद्धा परत जोत्यात टाकायचं नाही. भराव मुरमाचाच. एक थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचा, मग दुसरा. आई म्हणायची, काळी पिकवायला आणि पांढरी राहायला. जुनी गावं उगीच पांढरीवर वसलेली नाहीत.

एवढं ऐकलं की समोरचा हमखास विचारतो, "मॅडम, मग तुमचं घर कसं काय बसलं?"

"देखरेखीला माणूस ठेवला होता," मी म्हणते, आणि डब्याचं झाकण लावते. तो माणूस माझा सख्खा थोरला भाऊ होता, हे मी आजवर शाळेत कोणाला सांगितलेलं नाही.

नवरा गेल्यावर मी परभणीच्या कडेला, पेडगावच्या बाजूला एक प्लॉट घेतला. तिथं पूर्वी ज्वारी व्हायची. माझं माहेर पेडगावचं. दादाचं घर तिथंच, शेत तिथंच, मोटरसायकलनं प्लॉटवर यायला त्याला वेळ लागायचा नाही. मी पालमला खोली करून राहायची आणि रविवारी एसटीनं यायची. बांधकामावर रोज माणूस उभा पाहिजे, ते रविवारच्या बाईचं काम नव्हे. दादा आपणहून म्हणाला, "तू कशाला काळजी करायलीस? मी हाय की. तुझं घर ते माझंच घर समज."

मी समजले. का समजू नये? वडील गेले तेव्हा शेताच्या हक्कसोडीवर मी एका शब्दानं न विचारता सही केली होती. आमच्याकडं बहिणीनं वाटा मागितला की तिचं माहेर संपतं, हे पोरींना न शिकवता येतं. पण मी त्या भीतीनं केली नव्हती. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. सही झाल्यावर त्यानं मला साडीचोळी केली आणि म्हणाला, "बाई, तुझं माहेर कधी तुटायचं न्हाई." ती साडी मी अजून जपून ठेवली आहे. आता ती बघितली की माझाच मला राग येतो.

मुरूम पडायच्या आठवड्यात शाळेत परीक्षा होत्या. दादाचा रोज संध्याकाळी फोन. "आज मुरूम पडायलाय." "आज धुमस चालू हाय." "पाणी मारायलेत, तू पेपर तपास निवांत." रविवारी येऊन बघते तर वर कोबासुद्धा झालेला. "एवढ्या लवकर?" मी विचारलं. "मी उभा होतो ना," तो म्हणाला. मला इतका अभिमान वाटला की परत जाताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला मी भावाचं कौतुक ऐकवलं. आपलीच अक्कल गहाण पडली की माणूस असा गावभर डांगोरा पिटतो.

वास्तुशांतीला दादा आहेर घेऊन आला. जेवणाची पंगत बसलेली असताना सगळ्यांदेखत म्हणाला, "बहिणीचं जोतं मी माझ्या हातानं भरून घेतलंय." बायका माझ्याकडं वळून म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. मी पदरानं डोळे पुसले.

पहिल्याच उन्हाळ्यात मधल्या खोलीची फरशी खाली गेली. भिंत आणि फरशीच्या मधे करंगळी जाईल एवढी फट पडली. पावसाळ्यात उलटं झालं. तीच फरशी मधोमध वर आली आणि स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकून बसलं, खांद्यानं ढकलल्याशिवाय उघडेना. देव्हाऱ्यामागच्या भिंतीला तिरकी चीर गेली. विचारायला येणाऱ्यांना मी सांगते, चीर दिसली की लगेच लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला धावू नका. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा, शेजारी महिना लिहा आणि सगळे ऋतू जाऊ द्या. रेघेपुढं गेली नाही तर वरवरची, गेली तर दुखणं खाली आहे. हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा मी दादाला फोन केला.

"नवं घर बसतच असतं गं," तो म्हणाला. "सहा म्हैने गेले की गप होतंय. पांढरं सिमेंट भर त्याच्यात."

मी भरलं. पुढच्या उन्हाळ्यात चीर पुन्हा उघडली आणि देव्हाऱ्याच्या वर निघून गेली. मी पुन्हा भरलं. त्याला फोन केला की माझ्या मनातली शंका विरघळायची, आणि फोन ठेवला की दार परत अडकायचं.

शेवटी मी दुसऱ्या एका मिस्त्रीला बोलावून मधल्या खोलीतल्या चार फरश्या काढायला लावल्या. खाली कोबा, त्याखाली वीतभर मुरूम, आणि त्याखाली काळीशार माती. पायातून निघालेली तीच परत ढकललेली, धड ठोकलेलीसुद्धा नाही. मिस्त्रीनं एक ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं. त्यात ज्वारीचं धसकट होतं, मुळ्यांसकट. मी शेतकऱ्याची मुलगी, मला धसकट ओळखायला चष्मा लागत नाही. माझ्या झोपायच्या खोलीखाली कुणाच्या तरी जुन्या सुगीचं रान होतं.

मी सगळा राग काढला तो घर बांधणाऱ्या जुन्या गवंड्यावर. फोन करून त्याला चोर म्हणाले, नमकहराम म्हणाले, चौथीच्या पोरांना बोलत नाही ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मी तवाच बोललो होतो," तो म्हणाला. "दादा म्हणले, बहीण माझी हाय, तू तुझी थापी चालव. तुमी एकदा पेडगावच्या आखाड्यावर जाऊन या."

आखाडा म्हणजे आमच्या शेतातला गोठा आणि त्याला लागून दोन खोल्या. दिवस पावसाळ्याचे होते. त्या वाटेचा चिखल मला लहानपणापासून ठाऊक. पायाला धरला की शेर शेर चढत जातो आणि चप्पल आत ठेवूनच पाय वर येतो. म्हणून बांधावर पोचल्यावर मी चपला काढून हातात घेतल्या आणि साडी खोचली. पाऊल टाकलं तर खाली टणक लागलं. काळ्याभोर रानातून तांबूस मुरमाची वाट थेट गोठ्यापर्यंत गेलेली, दोन्ही बाजूंनी नीट दाबलेली, मधे उंच आणि कडेला उतार. धुमसानं ठोकलेली. मी हातात चपला घेऊन त्या वाटेवरून चालत गेले आणि माझ्या पायाला चिखलाचा ठिपका लागला नाही.

वहिनी गोठ्यातून हात पुसत पुढं आली. "बघितली का वाट? लय बरं झालं बघा ताई. आता मोटरसायकल दारापस्तोर येती."

"कधी केली?"

"तुमच्या घराचं काम चालू होतं ना, तवाच. म्हणले, ट्रॉल्या येयलाच लागल्यात तर हिकडं बी वळवू."

तिला काही माहीत नव्हतं, नाहीतर ती इतकी खुशीत बोलली नसती. तिनं चहा ठेवला. मी तो प्याले. मला माझ्या सख्ख्या भावानं फसवलं होतं, तेही मी सोडून दिलेल्या रानातली वाट करण्यासाठी, आणि तो चहा गोड होता.

मी त्याला काहीच बोलले नाही. विचारलं तर तो काहीतरी सांगेल, ते मला पटणार नाही, आणि मग माहेर म्हणून उरेल काय? आईवडील नाहीत, नवरा नाही. पेडगावला मला बाई म्हणून हाक मारणारं ते एकच दार. मी मधल्या खोलीतली सगळी माती काढून मुरूम भरून घेतला, या वेळी रजा टाकून स्वतः उभी राहिले. बाकीच्या खोल्या अजून तशाच आहेत.

भाऊबीजेला दादा आला, दरवर्षीसारखा, मिठाईचा खोका आणि साडी घेऊन. बैठकीत मी पाट मांडला. तो बसला आणि पाट डुगडुगला, तिथली फरशी एका बाजूनं खचलेली आहे. त्यानं खोक्याचं झाकण फाडलं, घडी घातली आणि पाटाच्या बरोबर त्या पायाखाली सरकवली. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. कुठली बाजू खाली गेली असेल हे त्याला न बघता कळलं.

माझ्या हातात ओवाळायचं तबक होतं. मी म्हणाले, "दादा, आखाड्याची वाट कशी झाली रे? बसली का कुठं?"

"छ्या! दगडावानी हाय. सबंद पाऊसकाळ गेला तरी..." इथं तो थांबला.

निरांजन जळत होतं. त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "जनावरं गुडघाभर गाळात फसायची गं."

"मला म्हणाला असतास तर मी तुझ्या वाटेलाही ट्रॉल्या पाठवल्या असत्या."

हे खरं होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. त्यालाही ते खरं आहे हे माहीत होतं. मी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं तबकात साडी ठेवली, मी ती उचलून कपाटात ठेवली. जेवताना आम्ही दोघं कापसाच्या वेचणीबद्दल बोललो.

निघताना त्यानं बाहेरचं दार ओढलं तर तेही अडकलं. दोन्ही हातांनी हिसका देऊन उघडलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "येतीस ना माहेरी?"

"येईन की," मी म्हणाले. "वाट पक्की झाली आता."

त्यानंतर मी पेडगावला गेलेले नाही.