आतल्या खोलीची कडी

आमच्या प्रतिकृती मंडळात रविवारी सगळ्यांची हत्यारं एकाच टेबलावर असतात. कुणाचा चिमटा, कुणाची बारीक करवत. ज्याला लागेल त्याने घ्यावी. जहाजं, देवळं, आगगाड्या, सगळं उघड्यावर घडत असतं. म्हणूनच नव्याने आलेल्या सुमनताई मला खटकायच्या. हत्यारं आमची घ्यायच्या, पण स्वतःचं काम रुमालाखाली झाकून ठेवायच्या. कुणी जवळ गेलं की त्यांचे हात थांबायचे. एवढं लपवण्यासारखं काय असेल? कुणाची कल्पना तर उचलली नसेल ना?

एका रविवारी त्यांनी आपणहून रुमाल काढला. खाली दोन खोल्यांचं साधं घर होतं. भांड्यांची मांडणी, दोरीवर वाळत घातलेलं पातळ, सगळं नखाएवढं आणि सुरेख. मी वाकून पाहिलं. आतल्या खोलीच्या दाराला कडी फक्त बाहेरून होती.

"ताई, कडी चुकून उलट्या बाजूला लागली."

"चुकून नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी तशीच बसवून घेतली होती."

प्रतिकृती करताना आपण जग थोडं सुधारून घेतो. कललेला कळस सरळ करतो, भिंतीची ओल गाळतो. त्यांनी काहीच गाळलं नव्हतं.

परवा एका मित्राच्या नव्या घरी गेलो होतो. सगळे खिडकीतून टेकडी बघत होते. मी मात्र एकेक दार निरखत होतो.