जानकीचं गाऱ्हाणं

देवबागच्या अलीकडे उंडलवाडी. तिथल्या शाळेत सत्तावन्न साली गुरुजींनी पोराला कामाला धाडणं म्हणजे त्या पोराचा मान. तंबाखू आणायला धाडोत नाहीतर पाणी भरायला, ज्याचं नाव पुकारलं त्याची आई दिवसभर ऐटीत. जानकी तर कायमच ऐटीत. नवरा मुंबईला गोदीत, घरात ती आणि तिचा पोरगा शिवा. ‘‘गुरुजीनू, काय होया ता माज्या झिलाक सांगा. वाऱ्यासारको धावता तो,’’ असं तिनेच शाळेच्या पायरीवर उभं राहून सांगितलेलं.

तपासणीच्या दिवशी साहेबांच्या पानात ताजे मासे हवे झाले. किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं, दोरांनी ओढत होते. सदानंद गुरुजींनी शिवाला पिटाळलं.

शिवा रापणीवर पोचलाच नाही. साहेब आमटीभात जेवून गेले. गुरुजींना वाटलं, पोरगा परस्पर घरी गेला. जानकीला वाटलं, गुरुजींनी ठेवून घेतला. दिवेलागणीपर्यंत दोघंही एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त!

मग होड्या निघाल्या. सुरूचं बन, विहिरी, खाडीचं तोंड, सगळं धुंडाळलं. टोपीसुद्धा हाती लागली नाही.

पुढल्या सोमवारी गावकर गंगाराम यांनी वाडीच्या वतीने देवळात देवाला गाऱ्हाणं घातलं.

‘‘बा म्हाराजा, लेकराची वाट चुकली आसात...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळी वाडी एका सुरात.

‘‘कोणाची वायट नजर लागली आसात, भायरची बाधा झाली आसात...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

बायकांच्या घोळक्यातून जानकी पुढे आली. ‘‘खंयची बाधा? बाधेन नाय धाडल्यान तेका. गुरुजीनी धाडल्यानी. आणि धाडा म्हणान मियाच सांगलंय.’’

‘‘बाये, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता,’’ गंगाराम गुरगुरले.

‘‘मगे पोरां पण तुमीच बापयांनी जल्माक घालूची होती!’’

कुणीतरी फिसकन हसलं. जानकीने देवाकडे तोंड केलं. ‘‘बा म्हाराजा, शाळेच्या येळात जो कोण पोराक भायर काढीत, गुरुजी असो नायतर आवस-बापूस, तेच्या माथ्यार त्या पोराचो जीव. पोर घराक येयसर तेना तो सांबाळूचो.’’

एकाचाही ‘व्हय म्हाराजा’ उठला नाही. देवापुढचा हुंकार म्हणजे शपथ, आणि रापणीच्या दोराला तर घरोघरची पोरं लागत. शिवासाठी डोळे पुसणारे तेच, आणि उद्या आपला पोरगा दोराला हवा म्हणून दातखीळ बसलेलेही तेच.

‘‘होय महाराजा.’’

खांबाआडून आवाज आला, शहरी मराठीतला. सदानंद गुरुजी मान खाली घालून उभे होते. दुसरा आवाज आलाच नाही. गंगाराम यांनी नारळ फोडला आणि माणसं खोबरं चघळत घरी गेली.

पुढल्या रापणीला वाडीतला बाबली आपल्या पोराला न्यायला शाळेत आला. दारात जानकी.

‘‘सर गो बाजूक. झील माजो आसा, तुजो नाय.’’

‘‘तुजोच. म्हणानच सांगतंय. हात धरून ने आणि हात धरूनच हाडून दी. तसा गुरुजींसमोर बोल.’’

‘‘माका दोर ओढूचो आसा, हात कित्याक धरू?’’ बाबलीने आत पाहिलं. ‘‘काय गुरुजी, बाईच्या पदराआड लपलास?’’

गुरुजी खुर्चीतून उठले. ‘‘शाळा सुटेपर्यंत मुलगा मिळणार नाही.’’

‘‘ही अक्कल तेवा खंय गेल्ली?’’

जानकीने चौकटीवरचा हात काढला नाही. पाटी घेऊन उठलेला पोरगा कधी बापाकडे, कधी तिच्याकडे बघत होता.

‘‘बस रे,’’ ती म्हणाली.

तो बसला. बाबली थुंकून चालता झाला.

त्या दारात जानकी पासष्ट सालापर्यंत उभी राहिली. वाडी तिला येडी म्हणे. नवऱ्याने मुंबईला बोलावलं, ती गेली नाही. शिवा काही आला नाही. शाळा सुटली की पोरं तिच्या हाताखालून एकेक करून बाहेर पडत आणि प्रत्येकाला ती अडवून विचारी, ‘‘घराक कोण आसा रे तुज्या?’’