शेवटच्या वेलीचा दुधी

माझं वजन हा आमच्या घरात सगळ्यांचाच विषय होता. येईल त्याने त्यावर बोलून जावं. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात फोटोसाठी उभी राहिले, तर नवरा सगळ्यांदेखत म्हणाला, "हिला कडेला घ्या, नाहीतर बाकीचे मावायचे नाहीत." सगळे हसले. मीही हसले. त्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याचा मला आजही जास्त राग येतो.

लग्न दीड महिन्यावर होतं. तेवढ्यात मोबाइलवर एक मुलगी दिसू लागली. सात दिवस फक्त रस प्यायचा, चावायचं काही नाही, म्हणजे शरीर आतून धुऊन निघतं, असं ती रोज हसत सांगायची. कॉलेज रोडला एक दुकान असे रस घरपोच देत होतं. रोजच्या सहा बाटल्या, इंद्रधनुष्याच्या रंगाच्या. किंमत नवऱ्याला सांगितली तर तो म्हणाला, "न जेवण्याचे पैसे देणारी तू पहिलीच." त्याचं यात काही चुकलेलं नव्हतं, म्हणून ते जास्तच झोंबलं. मग मी ठरवलं, घरीच करू. मिक्सर होता. गाळायला जुनी सुती ओढणी होती. बाटल्यांऐवजी लोणच्याच्या बरण्या. आणि भाजी तर फुकटच येत होती.

भाजी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मखमलाबादच्या पुढे त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. पेठ रोडच्या मार्केट यार्डात माल टाकला की दर गुरुवारी ते वाट वाकडी करून इंदिरानगरला आमच्याकडे यायचे. मोटारसायकलला अडकवलेली पिशवी ओट्यावर रिकामी करायची, मगच खुर्चीत बसायचं. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. पिशवी रिकामी केल्याशिवाय ते चहाला हातही लावत नसत. आई गेल्यावर तर त्या पिशवीशिवाय त्यांना माझ्याकडे यायला दुसरं निमित्तच उरलं नव्हतं. हे मला कळत होतं. कळत असूनही पुढचं सगळं मी केलं.

पहिले सात दिवस मी कसेबसे काढले. सकाळी दुधी आणि पुदिना, दुपारी काकडी-पालक, संध्याकाळी बीट. उरलेला चोथा पिठात मळून मुलांना थालीपीठ लावायचे आणि त्या वासाने स्वतः वेडीपिशी व्हायचे. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या ताटातला थालीपिठाचा तुकडा हातात घेऊन मी रडले. वजन दोन किलोंनी उतरलं आणि घरातल्या प्रत्येकावर मी दहादा तरी डाफरले.

आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दुधी संपतोय एवढंच त्यांना दिसत होतं. "येवढा दुधी कोन खातं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सगळ्यांनाच आवडायला लागलाय." किती खूश झाले ते! त्यांनी वर्षानुवर्षं आणलेला दुधी माझी मुलं नाक मुरडून बाजूला सारायची, हे त्यांनी पाहिलेलं होतं. पुढच्या गुरुवारी चार दुधी जास्तीचे आले.

मी सात दिवसांची दुसरी फेरी धरली, त्या आठवड्यातली गोष्ट. आबांनी पिशवी रिकामी केली, चहा घेतला, आणि चपला घालता घालता दारातून म्हणाले, "आगं, हे शेवटच्या येलीचे हाय. येल वाळाया आलीय. चाखून घे, मंगच चीर." मी "हो हो" म्हणाले. माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

वाळत्या वेलीचा एखादा दुधी कडू निघतो, चाखून घे, हे मला सांगायचीही खरं तर गरज नव्हती. भाजी पिकवणाऱ्यांच्या घरात ते हाताला लागलेलंच असतं. आई दुधीच्या देठाकडची पातळ चकती कापून आधी जिभेला लावायची. कडू निघाला तर अख्खा दुधी उकिरड्यावर, गुरांपुढेसुद्धा टाकायचा नाही. मी स्वतः लग्नानंतर वीस वर्षं तसंच करत आले. त्या दिवशी केलं नाही. कारण सांगायची लाज वाटते. सात दिवस दाताखाली काही घ्यायचं नाही, असा नियम होता ना! मी त्या रसाच्या खुळाचा कधी उपास करून टाकला, मलाच कळलं नव्हतं. उपासाच्या दिवशी दुसऱ्यांच्या आमटीचं मीठही आपण चाखत नाही. चकती जिभेला लावली तर माझा उपास मोडला असता!

रस कडू होता. कडूजहर. पहिल्याच घोटाला जीभ आखडली. पण कडू म्हणजे गुणकारी, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. वर ती मुलगीही सांगतच होती की कडू लागलं तर समजा काम सुरू झालं. मी नाक दाबून भरलेला पेला संपवला.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. मग उलटीत रक्त दिसलं तेव्हा मी नवऱ्याला हाक मारली. दवाखान्यात पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली होती. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. दुधीचा रस म्हटल्यावर त्यांनी सलाईनची नळी लावता लावता माझ्याकडे पाहिलं. "कडू होता का?"

नवरा उशाशी उभा होता. हो म्हणाले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग प्यायलात का? आणि मग ही गोष्ट नणंदेकडे, तिथून लग्नाच्या मांडवात. शेतकऱ्याची मुलगी आणि कडू दुधी ओळखता येत नाही! मी म्हणाले, "नाही. काहीच कळलं नाही."

मग एकदम आठवलं, चोथा. मुलांच्या थालीपिठासाठी तो फ्रिजमध्ये ठेवला होता. मी ओरडले. नवरा गाडी काढून घरी पळाला. त्याने चोथा टाकला, उरलेले दुधी टाकले, आणि तेवढ्यात खाली घंटागाडी आली म्हणून आबांनी आणलेली सगळी भाजीच तीत टाकली. कोथिंबीर, वांगी, दोन कोबीचे गड्डे, सगळं. मग आबांना फोन लावला.

आबा दवाखान्यात आले ते शर्टाची बटणं खालीवर लावलेली. आधी माझ्या पायाला हात लावून पाहिला, गार आहे का म्हणून. नवरा बाहेरच्या बाकड्याजवळ बोलत होता, दार उघडंच होतं. "मामा, भाजी देता ती बघून तरी द्यायची. फवारलेलं असतं, काय काय असतं. मुलांनी खाल्लं असतं म्हणजे?" आबा एवढंच म्हणाले, "चुकलं जावईबापू." दारातून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. चाखून घे म्हटलेलं त्यांना आठवत होतं, ते मला त्या नजरेत दिसलं. मी डोळे मिटून घेतले. मला ग्लानी आली असं नर्सला वाटलं असेल.

पाच दिवसांनी घरी आले. गुरुवार आला आणि गेला. पुढचाही गेला. मी फोन करायचे, तर कामं निघाली, गाडी बिघडली, पुढच्या वेळेला बघू. भावजय म्हणाली, "आबा रोज रिकाम्या मांडवाखाली बसून ऱ्हातात. उभी येल उपटून टाकली समदी, चांगली बी." मी फोन ठेवला. नवऱ्याला तेव्हाही काही सांगितलं नाही.

लग्नात मात्र माझा भाव वधारला. पाच किलो कमी झाले होते. बायका हात धरून विचारत होत्या, काय केलंस गं? नवऱ्याने फोटोला मला मधोमध ओढून घेतलं. आबा जेवणाच्या पंगतीत अगदी टोकाला बसले होते आणि हात धुऊन परस्पर निघून गेले.

त्यानंतर एका गुरुवारी बेल वाजली. दारात आबा. हातात पिशवी होती, पण दुकानाची, प्लास्टिकची. ओट्याकडे न जाता त्यांनी ती थेट टीपॉयवर ठेवली आणि आतून फळांच्या रसाचा एक मोठा खोका काढला. ज्यांनी आयुष्यात भाजी-फळासाठी कधी पैसा मोजला नाही, त्या माझ्या बापाने दुकानात रांगेत उभं राहून रस विकत आणला होता. नवरा घरातच होता. आबा त्याला म्हणाले, "सीलबंद हाय. तारीख बी हाय वर. मी वाचून घेतली चष्मा लावून, तुमी पन बघा."

माझ्याने राहवलं नाही. मी नवऱ्याला म्हणाले, "आबांनी मला सांगितलं होतं. शेवटच्या वेलीचा आहे, चाखून घे म्हणाले होते. मी चाखला नाही. कडू लागला तरी प्यायले."

नवरा आबांकडे बघायला लागला. आबांनी मान हलवली. "नाय नाय. मी कुठं म्हनलो? तिला ताप व्हता, तिला काय बी आठवतं. माजीच चूक." मी पुन्हा बोलायला गेले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी पाहुण्यांसमोर पाहायचे. गप बस म्हणून. वीस वर्षांनीही या घरात माझी अब्रू राखायचं काम त्यांच्याचकडे होतं, आणि खरं बोलायची संधी त्यांनी माझ्या हातून काढून घेतली.

नवऱ्याने समजुतीने मान डोलावली. मला दवाखान्यातलं काही नीट आठवत नसणार, असं त्याला पटलं होतं. मग त्याने खोका उचलला, उलटा केला, आणि खरोखरच तारीख वाचली.

"चांगली आहे," तो म्हणाला.

मी चहा टाकला. आबांनी तो घेतला नाही.