पाडव्याचं तेल

बस उलटली त्या दिवसापासून आमच्या यांना कुणी हात लावलेला चालेना. आमच्या शहरातल्या देवास गेटच्या स्टँडवरून ते रोज बसने देवास गावी बँकेत नोकरीला जायचे. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने त्या दिवशी यांचा खांदा घट्ट धरूनच प्राण सोडला. यांना मात्र फक्त खरचटलं. फ्रीगंजच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, "हड्डी-वड्डी सब ठीक है, भाभीजी." हाडं ठीक, मग माझा माणूस कुठे गेला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण गप्प बसले, आणि गप्प बसणं मला कधीच मानवत नाही.

त्यांनी आपली उशी बाहेरच्या खोलीत नेली. चहा देताना बोट लागलं तरी अंग चोरायचे. आमच्या माधव नगरात तेव्हा घरोघरी केबल येत होती. आमच्याकडेही आली, आणि ते आवाज बंद करून टीव्हीसमोर बसून राहायचे. माणूस घरातच होता आणि मी त्याची वाट बघत होते. त्यांच्या हातांची इतकी आठवण यायची, की दोरीवरचा सदरा काढताना मी त्याची बाही गालाला लावायचे.

दिवाळीचा पाडवा आला. आमच्यात पाडव्याच्या सकाळी बायको नवऱ्याला तेल-उटणं लावते. मी पाट मांडला, तेल कोमट केलं, आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं. ते दारातच उभे.

"रहने दे गं. नाही जमणार मला."

माझं डोकंच सणकलं. सणासुदीला तेलाची वाटी तशीच परत ठेवायची? मी स्वतःच पाटावर बसले, केस मोकळे सोडले आणि वाटी मागे सरकवली.

"नका लावून घेऊ. मला लावा."

"उलटंच काहीतरी! कुणी बघितलं तर?"

"बघू दे."

मी वळले नाही. मग टाळूवर दोन बोटं टेकली. हळूहळू सगळा तळवा आला. तेल मानेवरून ओघळलं. ते पुसायला त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच थांबला. मागून हुंदका ऐकू आला. अपघातानंतर ते पहिल्यांदाच रडत होते.

वळून त्यांना जवळ घ्यावं म्हणून माझा जीव तुटत होता. पण हात मांडीत दाबून मी तशीच बसून राहिले.

"पाणी निवतंय," शेवटी ते म्हणाले. "तेल लावायचं थांबू का?"

"थांबून तर बघा," मी म्हटलं.