सुखदेवच्या जीपचं टायमिंग

मी फौजेत बावीस वर्षं गाड्यांचा मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून घरी आलो. शेवटची पोस्टिंग बर्फात. तिथे मगातला चहा हातोडीनं फोडून खावा लागे. अशा थंडीत मी ट्रक नुसते दटावून चालू करायचो. हे सांगायला लागलो की जोडीदार नायक सुखदेव म्हणायचा, "कमी फेक बे, साहेब ऐकून राह्यले."

सुखदेव वडनेर भोलजी गावचा. गस्तीवर असताना कोसळत्या हिमकड्याखाली गेला. घरी त्याची जुनी जीप राहिली, इंजिन सुटं केलेलं. यंदा गावानं त्याचं स्मारक बांधलं. त्याच्या बायकोचं, वहिनींचं, म्हणणं एकच: अनावरणाला त्याचा फोटो त्याच्याच जीपमधून जाईल. मी भर बैठकीत बोलून गेलो, "आठ दिवसांत उभी करतो."

अनावरणाचा दिवस उजाडला. कार्यक्रम १००० वाजता, म्हणजे सकाळी दहाला. ०८०० ला वहिनींच्या अंगणात इंजिन पुरं जोडलेलं होतं. राहिलं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडायची ते. इंजिनच्या पुलीवरची खूण जुळवली, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसवला, स्टार्टर मारला. धडाम! कार्बोरेटरमधून जाळ आला. अर्धी मिशी गेली. चौकातल्या लोकांनी तोफेची सलामी समजून टाळ्या वाजवल्या.

डिस्ट्रिब्युटर इकडे फिरवला, तिकडे फिरवला. ०९१० ला बॅटरी उतरली, स्टार्टर फिरेना. सरपंचांचा फोन आला.

"कुठवर आलं?"

"दहा मिनिटं."

"मघाशीबी दहाच म्हणले होते. फोटो ट्रॅक्टरवर ठेवू काय?"

"नाही."

फोन ठेवला. पुन्हा पाना उचलला.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे तर पयले प्लग काहाडत. भोकावर आंगठा ठेवत अन् मले हँडल माराले लावत."

मी पाना खाली ठेवला. पिस्टन दोनदा वर येतो: एकदा पेट्रोल-हवा दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. ठिणगी दाबायच्या वेळीच हवी. रंगरुटांना हेच शिकवलं होतं, आणि बढाईच्या घाईत मीच आंगठा लावला नव्हता.

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला. आंगठा भोकावर दाबला. वहिनींनी इंजिन हातानं फिरवायचं हँडल पुढून अडकवलं.

"फिरवा. हळू."

"फिरवून राह्यली."

खूण आली. आंगठ्याला काही नाही.

"आणखी."

या खेपेला हवेनं आंगठा उडवला.

"थांबा!"

खूण जुळवली. डिस्ट्रिब्युटर उपसून अर्धा फेर वळवून बसवला. त्यातले पॉइंट उघडले तसा टेस्ट लॅम्प मिणमिणला: ठिणगी आता इथेच पडणार. बॅटरीत ठिणगीपुरता जीव होता. नट आवळला, प्लग लावला. ०९४१.

"मारा, वहिनी."

त्यांनी दोन्ही हातांनी हँडल ओढलं. इंजिन लागलं.

१००० ला जीप चौकात होती, फोटो पुढच्या सीटवर. मौनाआधी सरपंचांनी इंजिन बंद करायची खूण केली.

"चालू राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

चालू ठेवलं. दोन मिनिटांनी दगडावरचं कापड सरकलं. त्यावर नाव: नायक सुखदेव. मी सॅल्यूट केला. वहिनींचा हात बॉनेटवर होता. पत्रा चांगलाच तापला होता. त्यांनी हात काढला नाही.